झाडाचा रस नाही, धुकं पिऊन जगतात

कोस्टा रिकातल्या माँटेव्हर्देच्या धुकेजंगलावरचा लेख छान आहे, फोटो तर अप्रतिम. पण फांद्यांवरची ऑर्किड आणि ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली झाडं) झाडाचा रस शोषतात, हे विधान चुकीचं आहे. रस शोषतं ते बांडगूळ, त्याची मुळं थेट यजमानाच्या लाकडात घुसतात. ऑर्किड-ब्रोमेलियाडना झाडाकडून फक्त बसायला जागा हवी असते, तीही उजेडाच्या जवळ.

पाणी येतं धुक्यातून. ऑर्किडच्या मुळांवर पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं. ओलं झालं की त्याखालचा हिरवा रंग दिसू लागतो. (आपल्याकडच्या सीतेची वेणी या ऑर्किडच्या मुळांवर पाणी शिंपडून बघा.) बऱ्याच ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, त्यात पालापाचोळा कुजतो, डासांच्या अळ्या वाढतात, आणि पानांवरचे बारीक खवले त्यातलं अन्न टिपून घेतात.

खरी गंमत लेखात आलीच नाही. फांद्यांवर शेवाळ आणि कुजलेल्या पानांची चक्क माती तयार होते. जंगलांच्या अभ्यासक नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ साली दाखवून दिलं की काही झाडं आपल्याच फांद्यांतून मुळं फोडून या मातीत घुसवतात! म्हणजे उपऱ्यांनी जमवलेल्यावर यजमानच डल्ला मारतो.

धुकं हटलं की ऑर्किड-ब्रोमेलियाडची पंचाईत, कारण जमिनीतल्या ओलाव्यापर्यंत यांची मुळं पोचतच नाहीत. माँटेव्हर्देत १९७० च्या दशकापासून कोरड्या ऋतूतले बिनधुक्याचे दिवस वाढल्याची नोंद आहे. त्यावर पुढचा लेख येऊ द्या.