‘पाच ओळी पाठ करा, मोल संपला’ म्हणे! या पाच ओळींचं काय करायचं ते बघू

परीक्षा जवळ आली की ही पोस्ट हमखास फिरायला लागते. मोल (डझनासारखं, पण अणू-रेणू मोजायचं एकक) ही कन्सेप्ट समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, फक्त पाच ओळी पाठ करा, सगळी गणितं सुटतील. त्या ओळी अशा: एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ अणू. मोल काढायला ग्रॅमला पिरियॉडिक टेबलमधल्या आकड्याने भागा. एक मोल म्हणजे २२.४ लिटर; जास्त ग्रॅम तिथे जास्त अणू; आणि ६.०२२ × १०^२३ हा आकडा अ‍ॅव्होगाड्रोने १२ ग्रॅम कार्बनमधले अणू मोजून काढला.

गंमत अशी की यातल्या बऱ्याच ओळी अर्ध्या बरोबर आहेत, म्हणून तर पोरं फसतात, पूर्ण चूक असती तर कुणीही पकडली असती.

एक मोल = ६.०२२ × १०^२३ अणू

अणू नाही हो, कण. कुठला कण ते तुम्ही सांगायचं. हीलियमचा मोल असेल तर कण म्हणजे अणू, तिथे ओळ बिनधास्त चालते. अमोनियाचा मोल असेल तर कण म्हणजे रेणू, आणि प्रत्येक रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन असे चार अणू बसलेत. आता ८.५ ग्रॅम अमोनिया घ्या, मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) १७, म्हणजे अर्धा मोल. रेणू झाले ३.०११ × १०^२३. पोस्टवाला इथेच थांबतो आणि हेच अणू म्हणून लिहून मोकळा होतो. खरे एकूण अणू याच्या चौपट, १.२०४ × १०^२४. आणि प्रश्नात फक्त हायड्रोजनचे अणू विचारले असतील तर तिप्पट, ९.०३३ × १०^२३. एकच पदार्थ, एकच वजन, तीन वेगळी उत्तरं आणि तिन्ही बरोबर, कारण प्रश्न तीन वेगळे आहेत. मग नुसतं ‘०.५ मोल’ लिहून काय उपयोग, ‘०.५ मोल अमोनियाचे रेणू’ असं पूर्ण लिहा की, दोन शब्द जास्त लागतील पण निम्म्या चुका तिथेच मरतील.

मिठाच्या बाबतीत तर रेणूही नसतो, आयनांची जाळीच असते सगळी. तिथे ५८.४४ ग्रॅम म्हणजे सोडियम क्लोराइडच्या फॉर्म्युला युनिट्सचा (एक सोडियम, एक क्लोराइड अशा जोड्यांचा) एक मोल, म्हणजेच सोडियम आयनांचा एक मोल अधिक क्लोराइड आयनांचा एक मोल.

ग्रॅमला टेबलमधल्या आकड्याने भागा

सुटे अणू मोजायचे असतील तर ठीक. टेबलमध्ये ऑक्सिजनपुढे १६ लिहिलंय, म्हणून ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे दोन मोल असं लिहिणारे ढिगाने सापडतील. दोन मोल अणू, हो. पण वायूचे रेणू म्हणाल तर एकच मोल, कारण ऑक्सिजन जोडीने फिरतो. गणितात ‘ऑक्सिजन वायू’ म्हटलं असेल तर भागायचं ३२ ने.

निळ्या कॉपर सल्फेटचा खड्डा याहून मोठा. त्याच्या स्फटिकात प्रत्येक युनिटमागे पाण्याचे पाच रेणू असतात, ते धरून मोलर मास २४९.७, न धरता १५९.६. मग २५ ग्रॅम निळे स्फटिक म्हणजे साधारण ०.१ मोल, पण पाणी विसरलात तर ०.१५७ येतं, म्हणजे दीडपटीपेक्षा जास्त. कुठलं टेबल पाठ करून हे सुटणार?

आणि भागायचं की गुणायचं हा गोंधळ वेगळाच. त्यावर पाठांतर नको, एककं लिहा: ग्रॅम भागिले ग्रॅम-प्रति-मोल, ग्रॅम कटले, वर मोल उरले. दोन-चार ग्रॅममधले अणू काढताना उत्तर १०^–२४ च्या घरात आलं तर समजून जा की अ‍ॅव्होगाड्रो अंकाने (त्याच ६.०२२ × १०^२३ ने) गुणायच्या ऐवजी भागलंय, अर्धा अणू कुणी मोजत नाही.

एक मोल = २२.४ लिटर

फक्त वायूसाठी, तोही आदर्श वायूसारखा वागणारा, आणि ० अंश सेल्सिअस, १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला. पाण्याचा एक मोल द्रवरूपात जेमतेम १८ मिलिलिटर भरतो! वायूलासुद्धा २५ अंशाला २४.५ लिटर लागतात. त्यात आययुपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ पासून एसटीपीचा, म्हणजे प्रमाण तापमान-दाबातला, दाब १ बार धरलाय, तिथे आकडा २२.७ होतो, पण बरीच पुस्तकं अजून २२.४ च वापरतात, तेव्हा प्रश्नात तापमान-दाब काय दिलाय ते आधी बघा.

जास्त ग्रॅम तिथे जास्त अणू

एकाच पदार्थात, हो. दोन वेगळे असतील तर विसरा. १० ग्रॅम सोनं म्हणजे ०.०५ मोल, अणू ३.०६ × १०^२२. अवघं १ ग्रॅम लिथियम घ्या, ८.६८ × १०^२२. दहापट हलकं आणि अणू जवळजवळ तिप्पट. एमसीक्यूमध्ये असे पर्याय मुद्दाम टाकतात आणि ही ओळ पाठ केलेला बरोबर तिथेच टिक करतो.

अ‍ॅव्होगाड्रोने मोजला

नाही मोजला. १८११ मध्ये या इटालियन शास्त्रज्ञाने एवढंच मांडलं की समान तापमान आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. संख्या किती, ते त्याला माहीतच नव्हतं, १८५६ मध्ये तो वारला तेव्हाही नाही. रेणूंच्या आकाराचा पहिला नीट अंदाज १८६५ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लोश्मिटने बांधला, आणि अ‍ॅव्होगाड्रोचं नाव त्या अंकाला दिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेराँने, १९०९ मध्ये. १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल, ही व्याख्या होती खरी, पण २० मे २०१९ पासून उलट झालंय: आता ६.०२२१४०७६ × १०^२३ हा आकडाच पक्का ठरवून दिलाय आणि कार्बन-१२ च्या एका मोलचं वजन प्रयोगाने काढायची गोष्ट झालीय. त्या वजनाचा १२ ग्रॅमपासूनचा फरक इतका बारीक आहे की तुमच्या गणितात १२ च लिहा, मार्क जाणार नाहीत.