ओकिनावाला कळू द्यायचं नाही, हे कुणी ठरवलं?

योमितान हे जपानच्या दक्षिणेकडच्या, अमेरिकन लष्करी तळांनी भरलेल्या ओकिनावा बेटावरचं गाव. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, तिथल्या एका बागेतून अमेरिकन हवाई दलाच्या एका माणसाने १६ वर्षांखालच्या मुलीला गाडीत बसवून आपल्या घरी नेलं आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केले. मार्च २०२४ च्या शेवटी नाहाच्या (ओकिनावाची राजधानी) सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोपपत्र दाखल केलं, टोकियोच्या परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकन राजदूताकडे निषेधसुद्धा नोंदवला. म्हणजे टोकियोला माहीत होतं, अमेरिकन दूतावासाला माहीत होतं, तळावरच्या अधिकाऱ्यांना माहीत होतं. ओकिनावाच्या प्रांत सरकारला मात्र कळलं २५ जूनला, तेही बातम्यांमधून. मधल्या काळात आरोपी जामिनावर सुटून परत तळावर, अमेरिकन सैन्याच्या देखरेखीखाली गेला होता.

आता मधल्या तारखा बघा. एप्रिलमध्ये पंतप्रधान किशिदा वॉशिंग्टनला सरकारी पाहुणे म्हणून जाऊन आले. १६ जूनला ओकिनावाच्या प्रांत विधानसभेची निवडणूक झाली आणि तळांना विरोध करणारे गव्हर्नर डेनी तामाकी यांच्या बाजूच्या पक्षांचं बहुमत गेलं. २३ जून हा १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत मेलेल्यांचा स्मृतिदिन, त्या दिवशी किशिदा मबुनीला, म्हणजे त्या लढाईच्या स्मारकाच्या जागी, येऊन भाषण करून गेले. आणि दोन दिवसांनी बातमी फुटली. सरकारने कारण दिलं की पीडितेच्या खाजगीपणाचा विचार केला.

मला हे कारण वाचल्यापासून चैन नाहीये म्हणून हे एवढं मोठं लिहितेय. मी पुण्यात जपानी शिकले, आता कामासाठी टोकियोशेजारच्या कानागावात राहते, ओकिनावाची दोन्ही पेपरं, र्‍यूक्यू शिंपो आणि ओकिनावा टाइम्स, जमेल तशी वाचत असते. आणि इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर हा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात, एक म्हणजे “जपान किती सेफ आहे, अशा एखाद्या घटनेवरून काय ठरवायचं” आणि दुसरं म्हणजे “ओकिनावावाले सतत आंदोलनच करत असतात”. दुसरं वाक्य तर इथल्या जपानी कलीगकडूनही ऐकलंय, अगदी सहज, हवामानाबद्दल बोलावं तसं.

खाजगीपणा जपायचा म्हणजे त्या मुलीचं नाव, शाळा, घर बाहेर येऊ द्यायचं नाही. ते जपलंच पाहिजे, त्यात वादच नाही. पण नाव न सांगता “अमुक गावात असा गुन्हा घडलाय, आरोपी अमुक दलाचा आहे, काळजी घ्या” एवढं प्रांताला कळवायला काय अडचण होती? १९९७ पासून दोन्ही सरकारांमध्ये ठरलेली पद्धत आहे की असा गुन्हा घडला की अमेरिकन बाजू जपान सरकारला कळवणार आणि तिथून ते स्थानिक सरकारपर्यंत येणार. ती पद्धत १९९५ च्या एका गुन्ह्यानंतरच आली, त्याबद्दल पुढे लिहितेय. योमितानमधल्या आयांना सहा महिने माहीतच नव्हतं की त्यांच्या मुली खेळतात त्या बागेत काय झालंय. मुलीचा खाजगीपणा ही ढाल धरून नेमकं कुणाला वाचवलं, हा माझा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर स्पष्ट आहे. टोकियोला गुन्ह्यापेक्षा लोकांच्या रागाची भीती जास्त वाटते, आणि गेल्या तीस वर्षांत ते राग अडवायला शिकलेत.

ही भीती कुठून आली हे समजायला १९९५ बघावं लागतं. ४ सप्टेंबर १९९५, तीन अमेरिकन सैनिकांनी भाड्याच्या गाडीतून १२ वर्षांच्या शाळकरी मुलीला पळवलं आणि तिच्यावर बलात्कार केला. जपानी पोलिसांकडे पुरावा होता, अटक वॉरंट होतं, पण जपानमधल्या अमेरिकन सैन्याच्या कायदेशीर दर्जाबाबत दोन्ही देशांत झालेल्या कराराच्या कलम १७ प्रमाणे आरोपी अमेरिकन ताब्यात असेल तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो त्यांच्याच ताब्यात राहतो. त्यामुळे महिनाअखेरपर्यंत ते तिघं तळावरच होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये मबुनीला लढाईत मेलेल्या दोन लाखांहून जास्त लोकांची नावं कोरलेलं स्मारक उभं राहिलं होतं, युद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून, आणि तीन महिन्यात हे. २१ ऑक्टोबरला गिनोवानच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मैदानात ८५ हजार लोक जमले, सगळ्या प्रांताची लोकसंख्या तेव्हा बारा-तेरा लाख. गव्हर्नर मासाहिदे ओता यांनी तळांसाठी घेतलेल्या खाजगी जमिनींच्या भाडेपट्ट्यांवर सही करायला नकार दिला, सरकारने त्यांना कोर्टात खेचलं. आणि पॅसिफिक कमांडचे प्रमुख अॅडमिरल रिचर्ड मॅकी पत्रकारांना म्हणाले की गाडीला दिलं तेवढ्या पैशात त्यांना बाई मिळाली असती. त्यांना पद सोडावं लागलं. पण ते वाक्य बोलताना समोर पत्रकार बसलेत याचंही त्यांना काही वाटलं नाही, ही गोष्ट मला त्या वाक्याइतकीच भयंकर वाटते.

त्या रागाने खरंच काहीतरी हललं. एप्रिल १९९६ मध्ये पंतप्रधान हाशिमोतो आणि राजदूत माँडेल यांनी जाहीर केलं की गिनोवान शहराच्या मधोमध असलेला फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत देऊ. खून आणि बलात्काराच्या केसमध्ये आरोपपत्राआधीच आरोपी सोपवण्याबद्दल अमेरिका “सहानुभूतीने विचार” करेल असं कबूल झालं. फुतेन्मा आजही तिथेच आहे, कारण बदल्यात ओकिनावाच्याच उत्तर भागातल्या हेनोकोच्या समुद्रात भर टाकून नवा तळ बांधायचा असं ठरलं आणि २०१९ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी त्याला नाही म्हटलं तरी काम चालू राहिलं. पण टोकियोला एक धडा मिळाला की एका मुलीच्या बातमीने ८५ हजार लोक रस्त्यावर येऊ शकतात आणि अख्खी सुरक्षा व्यवस्था डळमळू शकते.

आणि हो, मुख्य जपानमध्ये पूर्वी असा राग नव्हता असं अजिबात नाही. जानेवारी १९५७, गुन्मा प्रांतातलं सोमागाहारा सरावाचं मैदान. गरीब लोक तिथे गोळ्यांची रिकामी पितळी काडतुसं वेचून विकायचे. विल्यम गिरार्ड नावाच्या सैनिकाने काडतुसं फेकून एका बाईला जवळ बोलावलं आणि मग ग्रेनेड लाँचरमधून रिकामं काडतूस झाडून तिला मारलं. सहा मुलांची आई होती ती. सगळा देश पेटला, अमेरिकेतही उलट बाजूने पेटला की आपला पोरगा जपानी कोर्टाला द्यायचाच कशाला, प्रकरण अमेरिकन सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने द्या म्हटलं, आणि शेवटी माएबाशीच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली, तीही स्थगित. तो घरी गेला. पण त्या काळात टोकियोजवळच्या सुनागावासारखी तळविरोधी आंदोलनं चालू होती, सगळ्याचा मिळून परिणाम असा झाला की अमेरिकेने मुख्य जपानमधून पायदळ काढून घेतलं. आणि मुख्य जपानच्या गिफू, यामानाशीमधले मरीन्स त्याच दशकात कुठे गेले? ओकिनावात. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, जपानची राज्यघटना तिथे लागूच नव्हती, तिथल्या माणसाला विचारायची गरजच नव्हती.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो इथे जवळजवळ कुणाला माहीत नसतो. टोकियोच्या आसपासचे लोक आज शांतपणे म्हणतात की तळ हे जपानच्या सुरक्षेसाठी लागतात, ओकिनावाने समजून घ्यावं. अरे पण तुमच्या आजी-आजोबांनी तेच तळ आपल्या गावातून घालवले आणि ते सरकून तिकडे गेले. जपानच्या जमिनीपैकी ओकिनावा फक्त ०.६ टक्के, पण केवळ अमेरिकन सैन्य वापरतं त्या तळांच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे ७० टक्के तिथे आहे, हे आपोआप झालं नाहीये.

२०१६ मध्ये उरुमाच्या २० वर्षांच्या मुलीचा खून झाला, आरोपी माजी मरीन, कादेना तळावर नोकरी करणारा. १९ जूनला नाहात ६५ हजार लोक काळे कपडे घालून आले, तिच्या वडिलांनी पाठवलेला निरोप वाचून दाखवला, त्यात सगळे तळ काढा अशी मागणी होती. मंचावरून एका कॉलेजच्या मुलीने रडत रडत पंतप्रधान आबे आणि मुख्य जपानच्या लोकांना थेट सांगितलं की या गुन्ह्यातले दुसरे गुन्हेगार तुम्ही आहात. त्यावर ऑनलाइन तिला जे काही ऐकवलं गेलं ते मी वाचलंय. “हिला कोण पढवतं”, “चीनचे पैसे”, “तळ गेले तर खाणार काय”. तळांशी संबंधित उत्पन्न १९७२ मध्ये प्रांताच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या आसपास होतं, आता ५ टक्क्यांच्या आसपास आहे, पण हे कुणी वाचत नाही.

अजून एक जे नेहमी येतं ते म्हणजे अमेरिकन सैनिकांचा गुन्ह्यांचा दर स्थानिक लोकांपेक्षा कमी आहे. समजा मान्य केलं. तरी १९७२ पासून ६ हजारांहून जास्त फौजदारी केसेस आहेत, आणि हे लोक तिथे राहायला आलेले शेजारी नाहीत, दोन सरकारांनी करार करून आणून ठेवलेले आहेत, त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. शिवाय तळाच्या आत जे घडतं ते जपानी पोलिसांच्या आकड्यात कसं येणार. आणि ज्या मुली तक्रारच करत नाहीत त्यांचं काय. ओकिनावातल्या कार्यकर्त्या सुझुयो ताकाझातो आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी १९९५ मध्ये संघटना उभी केली आणि जुनी पेपरं, कागदपत्रं, लोकांच्या आठवणी चाळून १९४५ पासूनच्या लैंगिक गुन्ह्यांची यादी करायला घेतली, ती यादी अजून वाढतेच आहे, कारण म्हाताऱ्या झालेल्या बायका आत्ता कुठे बोलतायत.

का बोलत नाहीत याचं उत्तर २००८ मध्ये मिळतं. चातानमध्ये १४ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये एका मरीनला अटक झाली आणि लगेच चर्चा सुरू झाली की ती त्याच्या गाडीत बसलीच कशी, आई-बाप काय करत होते. मुलीने तक्रार मागे घेतली, तिला फक्त शांतता हवी होती. तेव्हाच्या कायद्यात पीडितेच्या तक्रारीशिवाय बलात्काराची केस चालत नव्हती, त्यामुळे जपानने त्याला सोडलं; तो कायदा २०१७ मध्ये बदलला. पुढे अमेरिकेच्याच लष्करी कोर्टाने त्याला शिक्षा दिली! म्हणजे त्यांच्या कोर्टाला जे गुन्हा वाटलं ते इथल्या चर्चेने एका पोरीच्या चारित्र्याचा प्रश्न करून टाकलं.

एक गोष्ट मी परदेशी म्हणून मुद्दाम लिहितेय. ओकिनावातला राग माणसाच्या रंगावर किंवा देशावर गेलाय असं मला फार कमी दिसलं. डिसेंबर १९७० मध्ये कोझात (आजचं ओकिनावा शहर) दंगल झाली, त्याआधी इतोमानमध्ये दारू पिऊन गाडीखाली बाईला मारणारा सैनिक निर्दोष सुटला होता, म्हणून लोकांनी रात्रभर अमेरिकन गाड्या उलट्यापालट्या करून जाळल्या, ७० हून जास्त, पण एकाचाही जीव घेतला नाही. डेनी तामाकींचे वडील स्वतः अमेरिकन मरीन होते, मुलाने त्यांना कधी पाहिलंही नाही. अशा माणसाला लोकांनी दोनदा गव्हर्नर म्हणून निवडून दिलंय. आणि याच्या उलट इथे मुख्य जपानमध्ये एखाद्या परदेशी कामगाराने काही केलं की सगळ्या परदेशी लोकांना हाकला म्हणून ट्रेंड चालतो आणि सैनिकाने केलं की तेच अकाउंट्स म्हणतात थांबा, निकाल येऊ द्या.

योमितानच्या त्या मुलीने ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टात येऊन स्वतः साक्ष दिली. आपलं वय जपानीत, इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं होतं हे तिने सांगितलं. डिसेंबरमध्ये आरोपीला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी जुलैमध्ये प्रांत विधानसभेने निषेधाचा ठराव एकमताने केला, म्हणजे टोकियोतल्या सत्ताधारी पक्षाचे लोकही त्यात होते. आणि सरकारने जाहीर केलं की यापुढे अशी माहिती प्रांताला दिली जाईल. १९९७ मध्ये ठरलेलीच गोष्ट पुन्हा एकदा.

२२ डिसेंबरला ओकिनावा शहरात सभा झाली तिला अडीच हजारांच्या आसपास लोक होते. काही जणांनी लगेच ८५ हजारांशी तुलना करून लिहिलं की बघा, ओकिनावाचा राग संपला. मला हे लिहिणाऱ्यांना सांगायचंय की १९९५ ला बातमी काही दिवसांत लोकांपर्यंत पोचली होती, यावेळी ती सहा महिने बंद ठेवली, मध्ये निवडणूक उरकून घेतली. सैन्याच्या दर्जाबाबतच्या त्या करारातलं एक अक्षरही १९६० पासून बदललेलं नाहीये. इशिबा पंतप्रधान होण्याआधी तो बदलायला हवा म्हणत होते, झाल्यावर तो विषय मागे पडला. इथे मत देणारे तुमचे जपानी मित्र असतील, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या घरची माणसं असतील, तर त्यांना निदान एवढं विचारा की १९५० च्या दशकात गिफूतून मरीन्स कुठे गेले हे त्यांना माहीत आहे का.