मोदकावर सव्वा तास

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

सकाळी चर्चमधल्या उपासनेनंतर आमच्या तरुण संघाची मीटिंग होती. विषय होता 'रोजच्या जगण्यात विश्वासाने निर्णय कसे घ्यायचे'. मी खूश. खरंच खूश होते, कारण हा प्रश्न मला गेले आठ महिने छळतोय (का, ते पुढे येईल). शनिवारी डबल ड्यूटी करून रविवारची सकाळ सोडवून घेतली होती. डोळ्यांवर झोप होती, तरी वही घेऊन पुढच्या खुर्चीत बसले. आणि सव्वा तास आम्ही काय बोललो? चवथीला शेजाऱ्यांनी मोदक दिला तर खायचा की नाही!

एका भावाने पहिलं करिंथ काढलं (बायबलमधलं पौलाचं पत्र), आठवा अध्याय. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा खा. दुसऱ्याने त्याच अध्यायाचा शेवट वाचला. आपल्या खाण्याने दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर नको. मग सगळे दहाव्या अध्यायात शिरले. सत्ताविसावं वचन म्हणतं, बोलावलंय तर वाढतील ते काही न विचारता खा. अठ्ठाविसावं म्हणतं, कोणी सांगितलंच की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. म्हणजे शेजारीण 'प्रसाद' म्हणाली तर नाही, आणि 'खाऊ आणलाय गं' म्हणाली तर चालेल. हसू नका, यावर वीस मिनिटं गेली. पौलाने पत्रं लिहिली तेव्हा करिंथात आमच्यासारखाच एखादा तरुण संघ असणार. बिचारा वैतागून लिहीत बसला असेल.

त्यानंतर टॅटू. त्यानंतर बिनबाह्यांचे कपडे (हा विषय नेहमी मुलगेच काढतात, का कोण जाणे). मग एकजण म्हणाला, आपल्या भजनांना अभंगाच्या चाली नकोत, ते 'त्यांचं' वाटतं. इथे मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, अरे बाबा, याच गोव्यात फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं, रायतूरला, तेही ओव्यांमध्ये. आणि तू लहानपणापासून म्हणतोस ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं काय लंडनहून आली? तो म्हणाला, "ताई, विषय तो नाहीये." बरोबर आहे. विषय मोदक होता.

हो, मान्य. ज्याने कालपरवा घरच्यांचा राग ओढवून घेऊन विश्वास धरलाय त्याच्यासाठी मोदक नुसता मोदक नसतो. आमच्यात असा एक मुलगा आहे आणि तो सगळा वेळ मान खाली घालून बसला होता. मान्य. पुढे.

मी नगरची. (नाव बदललंय ते माहीत आहे, तोंडात नगरच येतं.) गोव्यात तीन वर्षं झाली. कळंगुटच्या बाजूला एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसते आणि म्हापशाजवळ एका आंटीच्या घरी वरच्या खोलीत राहते. आंटी कॅथलिक, शेजारच्या काकी हिंदू, आणि मधल्या कुंपणाला हळद लावलेली. 15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाचं फेस्त असतं तेव्हा आंटी त्या हळदीची पानं तोडून पातोळ्यो करतात, तांदळाचं पीठ आणि आत गूळ-खोबरं. चवथीच्या आसपास काकी त्याच कुंपणाची पानं तोडून त्याच पातोळ्यो करतात. चवथीला काकींच्या नेवऱ्या (करंज्याच त्या) इकडे येतात, नाताळला आंटींच्या नेवऱ्या तिकडे जातात. माझं लग्न व्हायचंय आणि मला करंजी करता येत नाही, यावर दोघींचं एकमत आहे. ज्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (म्हणजे मरियेच्याच) फेस्ताला हिंदू माणसं तेलाच्या बाटल्या घेऊन चर्चच्या रांगेत उभी राहतात, सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणतात, त्या म्हापशापासून हाकेच्या अंतरावर बसून आम्ही मोदकाची चौकशी समिती नेमतोय.

(आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात ना मरियेचं फेस्त, ना सायबिणीला तेल. माझे स्वतःचेही काही प्रश्न आहेत त्यावर. पण आंटींसमोर ते काढायची माझी छाती नाही, आणि पातोळी हातात असताना तर नाहीच.)

राग मोदकाचा नाहीच. राग याचा की विषय 'रोजच्या जगण्यातले निर्णय' होता, आणि तिथे नोकरी करणारे आम्ही सोळा-सतरा जण होतो. कोणी कॅसिनोत कार्ड वाटतं, कोणी वेर्ण्याला कंपनीत आहे, कोणी फ्लॅट दाखवतं, मी काउंटरवर. सोमवार ते शनिवार आम्ही सगळे खोटं बोलतो किंवा खोट्याला मान डोलावतो. कुणाच्या बिलात, कुणाच्या हजेरीत, कुणाच्या 'सर दोन मिनिटांत पोचतो'त. त्यातलं एक अक्षर सव्वा तासात निघालं नाही. नीतिसूत्रांत खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो म्हटलंय. खोट्या मोदकाचा येतो असं कुठेही म्हटलेलं नाही, मी शोधलं.

आता माझी तागडी.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, सोलापूरकडचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. नवरा-बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. आमच्याकडे भाड्याच्या सहा स्कूटर आहेत, काळी पाटी, पिवळी अक्षरं. त्यातली एक त्यांनी दोन दिवसांसाठी घेतली. डिपॉझिट 2,000 रुपये, रोख. परत द्यायला आले तेव्हा मालक नेमके खाली होते. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकले, आणि डाव्या पॅनलखाली बोट ठेवलं. वीतभर ओरखडा. मला म्हणाले, "हजार काप."

तो माणूस भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "ताई, आम्ही हिच्यावर जुन्या गोव्याचं चर्च बघायला गेलो, बाकी कुठंच नाही ओ. पडलो नाही, काही नाही." मी म्हटलं, "सर, तसा नियम आहे." त्यांनी हजार रुपये घेतले, मोजलेही नाहीत. जाताना त्याच्या बायकोचं लक्ष माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे गेलं. म्हणाली, "तुमचाच सण ना हा? हॅपी ख्रिसमस हं."

त्या संध्याकाळी मी मेणबत्ती हातात धरून नाताळच्या गीताची तिन्ही कडवी पाठ म्हटली.

आता कोणी म्हणेल, यात तुझा काय दोष, मालकाने सांगितलं, तू नोकर. हे मी स्वतःला डिसेंबरपासून सांगतेच आहे. आईलाही फोनवर असंच सांगितलं, "आमचे मालक ना, एक नंबरचे आहेत." आईने चुकचुक केलं आणि म्हणाली, प्रार्थना कर त्यांच्यासाठी. केली हो! मालकांच्या हृदयपालटासाठी मी महिनाभर प्रार्थना केली. आता हे टाइप करताना स्वतःचीच इतकी लाज वाटतेय की फोन खाली ठेवून चहा करून आले.

तर. तो ओरखडा माझा होता.

त्याआधीच्या ऑगस्टात, पावसात, ती गाडी शेडमध्ये घेताना मी फाटकाशेजारच्या चिऱ्यांच्या भिंतीला घासली होती. चिरा कसा असतो ते गोव्यातल्यांना सांगायला नको, किसणीच ती. कोणी पाहिलं नाही. पॅनल बदलायचं तर पगारातून कापलं असतं. पगार 18,000, त्यातले 6,000 खोलीचे, काही घरी. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि गाडी भिंतीला खेटून लावली. डावी बाजू भिंतीला. चार महिने मी ती गाडी अशीच लावत होते. म्हणजे बघा, रोजचा निर्णय म्हणतात तो हा. रोज सकाळी नऊ वाजता, गाडी कुठल्या बाजूने लावायची.

मालकांना खरंच वाटलं की ओरखडा नवा आहे. ते लबाड नव्हते. निदान त्या दिवशी तरी नव्हते. (एरवीचं मी इथे लिहीत नाही.) तिथे खरं माहीत असलेलं माणूस एकच होतं आणि त्याच्या गळ्यात क्रूस होता.

आणि मला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. हात थरथरला नाही. घास अडकला नाही. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, हे वचन मला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे, त्यावर बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. तरी काहीही झालं नाही. भाकर खाल्ली, पेला घेतला, बाहेर येऊन समोसा खाल्ला. सैतान शिंगं लावून आला असता तर मी ओळखला असता. इथे नुसता समोसा होता.

म्हणून मोदकाचा सव्वा तास सहन झाला नाही. तोंडात जातं ते माणसाला विटाळत नाही, तोंडातून निघतं ते विटाळतं, असं प्रभूने मत्तयच्या पंधराव्या अध्यायात सांगून ठेवलंय. माझ्या तोंडातून काय निघालं होतं? "सर, तसा नियम आहे."

इथे काउंटरवर आठवड्यातून एक तरी पाहुणा विचारतो, "ख्रिश्चन ना तुम्ही? मग घेत असालच." मी घेत नाही. पूर्वी हे सांगताना मान ताठ व्हायची. नगरच्या आत्यांनाही दर फोनला सांगायचे, गोव्यात राहते पण थेंब नाही हो. घेणाऱ्यांपेक्षा आपण वरच्या पायरीवर. डिसेंबरनंतर ते वाक्य बोलताना ती स्कूटर दिसते, डावी बाजू भिंतीला लावलेली.

आज मीटिंगमध्ये हे सांगायला हवं होतं. शेवटी विचारलंही गेलं, कोणाची काही साक्ष? हात वर करायचा होता. केला नाही. एकीने साक्ष दिली की तिने वेब सिरीज बघणं सोडलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. मग चहा. म्हणजे मोदकावर वेळ घालवणाऱ्यांना मी शिव्या घालतेय खरी, पण मोदक चालू होता तोवर मला कोणी काही विचारणार नव्हतं, हेही तितकंच खरं. कदाचित सगळ्यांचंच तसं असेल. ती वेब सिरीजवाली साक्षसुद्धा कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीवरचं फडकं असेल. माहीत नाही. मघाशी लिहिताना चिडले होते, आता तितकी चिडलेली नाही.

दुपारी ड्यूटीवर आले तेव्हा जुनं रजिस्टर काढलं. डिसेंबरचं पान, स्कूटर नंबर, नाव, मोबाईल. (असा नंबर वापरायचा नसतो, कळतं मला.) बायबलमधला जक्कय येशूला बघायला चढलेल्या उंबराच्या झाडावरून उतरला आणि म्हणाला, कोणाचं काही लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत देतो. चौपट म्हणजे 4,000. जक्कय श्रीमंत होता, जकातदारांचा मुख्य. मी हजारावर तडजोड केली आणि फोन लावला.

"नमस्कार सर, गोव्याहून बोलतेय. डिसेंबरमध्ये तुम्ही आमच्याकडे राहिला होता, तुमचे हजार रुपये परत द्यायचे होते. हाच नंबर यूपीआयला आहे का?"

पलीकडे शांतता. मग, "कुठून बोलताय म्हणालात?"

मी परत सांगितलं. स्कूटर, डिपॉझिट, ओरखडा, सगळं. घाईघाईत, एका दमात.

"ओटीपी वगैरे काही देणार नाही मी," तो म्हणाला. "असले लई फोन येतात. लाज वाटत नाही का हो तुम्हाला?"

आणि ठेवला. परत लावला तर लागतच नाही. ब्लॉक.

काउंटरवर बसून मी आधी हसले आणि मग मागच्या खोलीत जाऊन थोडी रडले. त्याचं काही चुकलं नाही. माझ्यासारख्यांमुळेच तो असा झाला असेल. आता त्याच्या लायसन्सच्या झेरॉक्सवर पत्ता आहे, त्यावर मनीऑर्डर होते का ते उद्या म्हापशाच्या पोस्टात विचारते. निरोपाच्या जागी काय लिहायचं ते सुचलेलं नाही. सुचत असेल कोणाला तर सांगा, थोडक्यात हवं.

मालकांना अजून सांगितलेलं नाही. ते फेसबुकवर नाहीत या भरवशावर लिहितेय. सांगेन. चवथ होऊ दे, गर्दी ओसरू दे... हे वाक्य वाचून तुम्हाला जे वाटलं तेच मलाही वाटलं. या आठवड्यात सांगते.

आणि तरुण संघातले कोणी हे वाचत असाल तर माझ्यापुरतं मोदकाचं ठरलंय. मघाशी काकींनी कुंपणावरून विचारलं, "बाय, पातोळ्यो कितल्यो दवरूं?" मी आठ सांगितल्या.