कंटाळवाणा सर्व्हर

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या नव्या मुलाने विचारलं, "सर, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही का हो?"

विषय होता रजेचे अर्ज भरायच्या आमच्या अंतर्गत ॲपचा. वापरणारे तीनशे लोक, आणि गौरी-गणपती सोडले तर सगळे एकदम काही रजा मागत नाहीत. ह्याला ते कुबरनेटीसवर, म्हणजे एकच ॲप अनेक मशीनवर मिळून चालवणाऱ्या यंत्रणेवर, न्यायचं होतं. तीन नोड म्हणजे तीन मशीन, त्यांच्यात काम वाटणारा लोड बॅलन्सर, भिंतीवर डॅशबोर्ड. सध्या ते कोपऱ्यातल्या एका डेबियन (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) मशीनवर चालतं आणि त्या मशीनपायी चार वर्षांत मला एकही फोन आलेला नाही. मी सरळ नाही म्हटलं.

पण प्रश्न डोक्यात राहिला. कॉलेजात असताना मासिकाबरोबर आलेली प्रत्येक लिनक्सची सीडी टाकून बघणारा मीच होतो. घरच्या पीसीवर दर पंधरा दिवसांनी नवं काहीतरी. एकोणीस वर्षं सिस्टिम ॲडमिनची नोकरी केल्यावर मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला मी देऊ शकतो अशी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "कंटाळवाणं आहे".

हौस कधी फिटली ते मला तारखेनिशी आठवतं. १ जुलै २०१२, रविवार. आदल्या दिवशी आषाढी झालेली, आई पहाटेच उठून द्वादशीच्या पारण्याचा स्वयंपाक करत होती. साडेपाचला मोबाइल थरथरायला लागला तो थांबेचना. अकरा सर्व्हर, सगळ्यांचा सीपीयू शंभर टक्के. लॅपटॉप ओट्यावरच उघडला. आदल्या दिवशी कुणी काही बदललेलं नाही, डिस्कला जागा आहे, लॉगमध्ये काही नाही. सीपीयू कोण खातंय त्या यादीत वर बघावं तर जावातले प्रोग्राम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. जावा बंद करून चालू केलं, पुन्हा तेच.

झालं होतं असं, की पृथ्वीचं फिरणं आणि अणुघड्याळं यांचा मेळ राहावा म्हणून त्या दिवशी जगाच्या वेळेत एक सेकंद वाढवला होता. त्या जागतिक वेळेतली मध्यरात्र म्हणजे आपली पहाट साडेपाच. ५:२९:५९ नंतर ५:२९:६०. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, तो जास्तीचा सेकंद पचला नाही. "अर्ध्या सेकंदाने उठव" असं सांगून झोपलेले प्रोग्राम त्याच क्षणी उठायचे, पुन्हा झोपायचे, पुन्हा उठायचे. तान्ह्या बाळासारखे. उपाय काय निघाला, तर एका ओळीची कमांड. घड्याळाला सांगायचं की आता जे वाजलेत तेच वाजलेत! अकरा ठिकाणी ती चालवली आणि सीपीयू धपकन खाली आले. आई म्हणाली, "झालं का रे? पान वाढलंय."

सोमवारी ऑफिसात कुणाला पत्ताही नव्हता. (हा जास्तीचा सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचं २०२२ मध्ये ठरलंय. माझ्याकडून पेढे.)

तेव्हापासून आवडीनिवडी बदलतच गेल्या. एडिटर म्हणाल तर व्हीआय, १९७६ सालचा, बिल जॉयने लिहिलेला. कारण कुठल्याही मशीनवर, कितीही मोडक्या अवस्थेत, तो भेटतो. काम वहीत लिहून ठेवतो, दोनशे पानी, शाईच्या पेनने. कुठल्या मशीनवर काय केलं, का केलं, काय चुकलं. सर्व्हर पडला की त्यावरचा नोंदींचा विकीही पडतो, वही पडत नाही. चहा बिनसाखरेचा. घरात आवाजावर पेटणारा दिवा नाही, बटण दाबलं की पेटतो. बायको म्हणते, दिव्याखाली अंधार, आपल्याच घरचं वायफाय नीट व्हायला दोन-दोन दिवस लागतात. ते खरं आहे. आणि मामा अजून मला प्रिंटरसाठीच फोन करतात.

जुनं तेच चांगलं असं म्हणणारा मी नव्हे. त्या पहाटे अडखळलेला कर्नल जुनाच होता. पण २९ मार्च २०२४ ला एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या इवल्याशा लायब्ररीत चोरवाट सापडली. कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरून ती घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरणं, अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं आणि त्याने माग काढला. अर्धा सेकंद! मी असतो तर नेटवर्कला शिव्या देऊन पुढे गेलो असतो. ती चोरवाट डेबियनच्या ताज्या, चाचणीतल्या आवृत्त्यांत पोचली होती, स्टेबल म्हणजे तावूनसुलाखून घेतलेल्या आवृत्तीत नाही. त्या रात्री मी गाढ झोपलो, आणि आळस कधी नव्हे तो कामाला आला.

उलट उदाहरणही देतो. अँसिबलला, म्हणजे अनेक मशीनवर एकच काम एकदम करणाऱ्या साधनाला, मी दोन वर्षं नाकं मुरडली. चाळीस मशीनवर हाताने तेच तेच करत बसलो. आज त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही.

म्हणून त्या मुलाला शेवटी म्हटलं, कर तुझं कुबरनेटीस, पण चाचणीच्या मशीनवर, आणि शुक्रवारी नाही. त्याआधी जुन्या ॲपचा डेटाबेस बॅकअपवरून उभा करून दाखव.

बुधवारी तो माझ्या टेबलापाशी आला. बॅकअपची फाइल रोज रात्री दोनला बनत होती. प्रत्येक फाइलचा आकार वीस बाइट.

गेल्या दिवाळीत मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डेटाबेसची प्रत काढणारा डंप रोज फसत होता, आणि ती प्रत आवळायला पुढे जोडलेलं जीझिप इमानेइतबारे रिकाम्या हवेची फाइल करून "सगळं ठीक" कळवत होतं. स्क्रिप्ट माझीच.

मुलगा सभ्य आहे, हसला नाही. वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, हे यात तुम्ही लिहिताय, की मी लिहू?"