एफ वन दाबा आणि पुढे चला

आमच्या पीसीने मला फसवलं असं मी म्हणणार नाही, बिचारा चार महिने रोज सकाळी सांगत होता. काळी स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'स्मार्ट स्टेटस बॅड' (स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद), बॅकअप घ्या, डिस्क बदला, आणि सगळ्यात खाली, पुढे जायला एफ वन दाबा. यातलं शेवटचं तेवढंच मला पटलं.

मंगळवारी एफ वन दाबला आणि पीसी पुढे गेलाच नाही. टिपके गोल गोल फिरत राहिले, मग बूट डिव्हाइस, म्हणजे ज्यावरून पीसी सुरू होतो ती डिस्क, सापडत नाही म्हणे, आणि कॅबिनेटमधून आवाज, टक... टक... टक. मिनिटाला ७२०० फेरे मारणारी डिस्कची तबकडी आणि तिच्यावर जागा शोधत चाचपडणारा, डेटा वाचणारा हेड, हे मला आत्ता कळतंय, तेव्हा मला वाटलं पंख्यात वायर अडकली.

पहिला उपाय अर्थातच बंद करून चालू. दुसरा उपाय परत बंद करून परत चालू, फक्त बटण जरा रागाने दाबून. तिसरा म्हणजे विसरलेला पेन ड्राइव्ह काढणे (हसू नका, बूट ऑर्डरमध्ये तो वर असला तर मशीन त्याच्यातच विंडोज शोधत बसतं), पण तो लावलेलाच नव्हता त्यामुळे काढता येईना. शेवटी कॅबिनेट उघडलं, धूळ नाकात गेली, डिस्कला जोडणारी साटा केबल काढून परत बसवली आणि काय आश्चर्य, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर) डिस्क दिसायला लागली! मी लगेच घरभर जाहीर केलं, केबल ढिली होती, बाकी काही नाही.

विंडोज मात्र उठेना. मग मी कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क स्लॅश आर ही डिस्क तपासायची आज्ञा सोडली आणि इथेच माती खाल्ली. स्लॅश आर म्हणजे डिस्कचा कानाकोपरा वाचून बघायचा, म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढून दाखव, किती दम लागतो बघू म्हणायचं. ११ टक्क्यांवर जे अडकलं ते रात्री झोपताना ११ आणि सकाळी उठल्यावर पण ११.

मुलगी येऊन बघून गेली. "बाबा, बॅकअप आहे ना?"

"आहे तर! दर महिन्याला सगळं डी ड्राइव्हवर कॉपी करतो."

ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात उजेड पडला की सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. जादा किल्ली घरातच जपून ठेवायची आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं, तसं.

मग तिने लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून पीसी चालू केला आणि स्मार्टचे आकडे काढले. केबलचा दोष असता तर सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढल्या असत्या, त्या शून्य, आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे, १९२. माझी केबल थिअरी तिथेच संपली. नवीन डिस्क जोडून तिने डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा डेटा उतरवून घेणारा प्रोग्राम लावला. हा प्रकार हुशार, परीक्षेतल्यासारखे सोपे प्रश्न आधी सोडवतो, वाचता येईल ते उचलून घेतो आणि खराब भागाशी झटापट शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं.

दीड दिवसाने बहुतेक सगळं परत आलं. म्हणजे काय, तर एकाच सहलीचे फोटो चार वेळा, 'न्यू फोल्डर' नावाचे सतरा फोल्डर, आणि डाउनलोड्समध्ये बॅकअप सॉफ्टवेअरचा सेटअप, तीन वर्षांपूर्वी उतरवलेला. हे मुलीला दिसायच्या आत मी डिलीट केलं.

आता पीसी झटकन सुरू होतो, टकटक नाही काही नाही, पण बोटाची सवय जात नाही, ते आपोआप एफ वनवर पडतं आणि स्क्रीनवर मदतीचं पान उघडतं. काय मदत हवी आहे म्हणून विचारतं. आत्ता विचारतोयस होय रे!