'रोगारे' झिजलं नाही, त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली

व्हॉट्सअ‍ॅपवर भाषेबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लॅटिनमध्ये 'विचारणे' या अर्थी 'रोगारे' हे क्रियापद होतं आणि फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरे भाषांनी तेच आपापल्या परीनं बिघडवून घेतलं. स्पॅनिशमधलं विचारण्याचं 'प्रेगुंतार' तर थेट आपल्या संस्कृत 'पृच्छति'वरून (म्हणजे 'विचारतो') आलं. फ्रेंच माणूस साधं विचारतानाही 'दमांदे' म्हणतो, म्हणजे डिमांड करतो. यावरून त्याचा तोरा ओळखावा. शेवटी निष्कर्ष: मूळ भाषा शुद्ध, लेकी अशुद्ध. वाचायला सोपं म्हणून लोक पुढे पाठवतात. मला मात्र ते सोडवत नाही, कारण खरी हकिगत याहून कितीतरी सुरस आहे.

आधी 'रोगारे'. रोममध्ये कायद्याचा प्रस्ताव मांडणारा अधिकारी लोकांना 'विचारत' असे, आणि त्या विचारण्याला हेच क्रियापद होतं. इ.स.पू. ६३ च्या सुमाराच्या एका चांदीच्या नाण्यावर टोगा (रोमनांचं अंगावर लपेटायचं वस्त्र) घातलेला नागरिक मतपेटीत मताची छोटी पाटी टाकताना दिसतो. पाटीवर एकच अक्षर आहे, 'उती रोगास'मधल्या 'उती'चं आद्याक्षर. अर्थ, 'तू विचारतोस तसं होवो'. एवढ्या मानाचा शब्द, पण लेकींच्या घरी तो रोजच्या प्रश्नाचा राहिला नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'रोगार' म्हणजे विनवणं. रोमानियनमध्ये 'ते रोग' म्हणजे 'कृपया'. इटलीत घरखरेदीचा दस्त नोटरीपुढे होतो, त्या दस्ताला 'रोजितो' म्हणतात. तो याच कुळातला. जुन्या फ्रेंचमधलं 'रोव्हेर' मेलंच. मागे उरला त्याच कुळातला 'कॉर्वे', म्हणजे वेठ. रोमानियन 'अ इन्त्रेबा' मात्र 'इंतेर्रोगारे'चं, म्हणजे 'रोगारे'ला उपसर्ग लागून झालेल्या क्रियापदाचं रूप आहे. तेवढ्यापुरता दावा खरा. बाकी ठिकाणी शब्द झिजला नाही, दुसराच शब्द त्याच्या जागी येऊन बसला.

आता 'प्रेगुंतार'. इथे मजकूर लिहिणारा ध्वनिसाम्याला भुलला. हे क्रियापद लॅटिन 'पेर्कोंतारी'पासून आलं, आणि त्याच्या पोटात 'कोंतुस' आहे: होडी ढकलायची लांब काठी. हा शब्द लॅटिननं ग्रीककडून घेतला. फेस्तुस या रोमन कोशकारानंही नोंदवून ठेवलंय की हा खलाशांचा शब्द. काठी पाण्यात खुपसून ते खोली अजमावत, त्यावरून चौकशी करणं असा अर्थ आला. आपण मनाचा ठाव घेतो, तेव्हा नेमकं हेच करतो. माद्रिदमध्ये आज कुणी कुणाला पत्ता विचारतो, तेव्हा नकळत ती काठी पाण्यात जाते.

'पृच्छति'चं लॅटिनशी नातं आहेच, फक्त ते बहिणीचं आहे, आईचं नव्हे. संस्कृत आणि लॅटिन या दोघींच्याही आधीच्या एका भाषेत या धातूचं मूळ आहे. त्यातून लॅटिनमध्ये 'प्रेकारी' (प्रार्थना करणं) आलं, आणि पुढे इटालियन 'प्रेगारे', फ्रेंच 'प्रिये'. जर्मन 'फ्रागन' त्याच घरातलं. फारसी 'पुर्सीदन'ही तिथलंच, आणि त्यातून आलेली 'पुरसिस', म्हणजे लेखी निवेदन, आपल्या कोर्टात वकील आजही दाखल करतात. शब्द दिसायला सारखा असला एवढ्यानं नातं जुळत नाही. ध्वनी कसकसे बदलत गेले त्याचा नियम जुळावा लागतो. तो 'प्रिये'चा जुळतो, 'प्रेगुंतार'चा नाही.

फ्रेंचांच्या तोऱ्याचा मुद्दा मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. लॅटिन 'देमांदारे' म्हणजे सोपवणं, हवाली करणं. इतिहासकार लिव्ही फालेरी गावची रीत सांगतो, की तिथे बरीच मुलं एकाच मास्तराच्या स्वाधीन केली जात. त्यानं क्रियापद वापरलंय ते हेच. काम सोपवणं, मग काम करायला सांगणं, मग मागणं, मग प्रश्न विचारणं, असा अर्थ पायरीपायरीनं सरकला. यात गुर्मी कुठेच नाही. ती चढली इंग्लंडात, फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांची राजवट सुरू झाल्यावर फ्रेंच ही तिथल्या कोर्टाची भाषा झाली तेव्हा. जमिनीच्या दाव्यात हक्क सांगणारा तो 'डिमांडंट', आणि इंग्रजी 'डिमांड'ला हक्काची धार मिळाली ती तिथून. फ्रान्समध्ये हट्टानं मागायला 'एग्झिजे' हे वेगळं क्रियापद आहे. आपला 'पगार' घ्या. तो पोर्तुगीज 'पागार'वरून आला, आणि त्याचं लॅटिन मूळ 'पाकारे' म्हणजे शांत करणं. सावकाराला शांत करायचं तर त्याचे पैसे चुकते करायचे, म्हणून पैसे देणं. त्यावरून पोर्तुगीज लोक शांतताप्रिय होते असं कुणी ठरवत नाही.

राहिला 'लेकी अशुद्ध' हा निष्कर्ष. लॅटिन 'क्वाएरेरे' म्हणजे शोधणं, विचारणं. इटालियननं त्याचं 'किएदेरे' केलं, विचारण्यामागण्याला. स्पॅनिशनं 'केरेर' केलं, हवं असण्याला आणि प्रेम करण्याला. यातलं कुठलं बिघडलेलं म्हणायचं? 'रोगारे' प्रश्नालाही चाले आणि मागणीलाही. स्पॅनिशनं कामं वाटून दिली: प्रश्नाला 'प्रेगुंतार', वस्तू मागायला 'पेदीर'. आपण 'विचारणे' आणि 'मागणे' वेगळं ठेवतो, तसंच. फ्रेंचनं ती दोन्ही 'दमांदे'कडे ठेवली आणि तिचं काही अडलं नाही.

आणि मराठीनं तरी काय केलं? 'पृच्छति'पासून आलेलं 'पुसणे' आपल्याकडे होतं. वाट पुसायची, खुशाली पुसायची. संस्कृतात 'विचार' म्हणजे मनात घोळवणं. त्यापासूनच्या 'विचारणे'नं 'पुसणे'ची रोजची जागा घेतली. जुनं क्रियापद उरलं ते विचारपुशीत, ओव्यांत, खेड्यापाड्यांच्या बोलण्यात आणि 'त्याला आता कोण पुसतंय' अशा बोलांत. फ्रेंचमध्ये 'रोव्हेर'चं जे झालं, त्याच वाटेवर आपलं 'पुसणे' निम्मंअधिक गेलेलं आहे, आणि त्यासाठी मराठीला अशुद्ध म्हणायला मी तयार नाही.