‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

स्पष्टवक्तेसाहेब, नमस्कार.

वडिलांचं काळीज नुसत्या विडीने नाही, तर हलक्या नोकरीने, ताणाने आणि एकटेपणानेही गेलं असं सांगणाऱ्या ‘रात्रपाळी आणि काळीज’ या माझ्या लेखावर रविवारी मध्यरात्रीनंतर तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवली, तिसऱ्यांदा झोप उडाली. अपुरी झोपही हृदयाला वाईटच, तेव्हा माझं काही बरंवाईट झालं तर थोडं तुमच्याही खात्यावर. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देतो:

“लेख भावनेच्या भरात लिहिलेला. लेखकाने वडिलांच्या विडीच्या व्यसनाला समाजशास्त्राचा सदरा घातला आहे. दाखले लंडनचे आणि वडील लालबागचे. असलं वाचून उद्या कुणी बीपीची गोळी बंद केली तर जबाबदार कोण? शिवाय व्हाइटहॉलचं सालही चुकलंय.”

सालापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. व्हाइटहॉल म्हणजे लंडनच्या सरकारी नोकरांच्या हृदयविकाराचा अभ्यास, तो १९६७ साली सुरू झाला, मी १९७६ टाइप केलं. आकड्यांची अदलाबदल झाली. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. चूक कबूल करायला मला टोपणनाव लागत नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

भावनेच्या भरात लिहिलं म्हणता. बाप माझा होता, महापालिकेचा ठराव नव्हता.

आता सदरा. हे वाक्य सुचल्यावर तुम्हाला फार बरं वाटलं असणार. लिहिणाऱ्याला कळतं ते. पण सदरा कुणी कुणाला घातला ते सांगतोच. बाबा लालबागच्या एका गिरणीत चार साचे, म्हणजे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि त्यांतले कितीतरी परत कधी आत गेलेच नाहीत. बाबाही त्यांतलेच. दोन वर्षं पडेल ते काम केलं आणि १९८४ च्या पावसाळ्यात वरळीला एका सोसायटीत रात्रीचा वॉचमन म्हणून लागले. सोसायटीने त्यांना आधीच्या वॉचमनचा खाकी सदरा दिला. तो माणूस अंगाने दुप्पट असावा, कारण खांदे बाबांच्या दंडावर यायचे. आईने दोन्ही बाजूंनी शिवणी आत घेतल्या, तरी तो उसनाच दिसायचा. सदरा घातला तो असा घातला, साहेब. सोसायटीने घातला.

विडीबद्दल बोलू. ती मी लपवली नव्हती, लेखात मीच लिहिली होती, तिथूनच तुम्ही उचललीत. गिरणीत असताना बाबा दिवसाला चार-पाच ओढायचे. खात्यात कापूस उडत असतो, तिथे काडी ओढायची सोयच नव्हती. विडीसाठी बाहेर यावं लागे, आणि साचा बंद पडला तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोंबलत येई. वरळीच्या गेटवर बारा तास एकटं बसायचं, डोळा लागला तर नोकरी जायची. मग विडीवर विडी. दोन बंडलं तिथे झाली. गुरुवारी भजनी मंडळात टाळ वाजवायचे, ते रात्रपाळीने सुटलं. बरोबरीचे निम्मे कोकणात परत गेले होते. वीस-बावीस वर्षं ज्या माणसाला खात्यात नावाने हाक मारली जायची, त्याला आता कॉलेजातली पोरं ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारत, आणि तो उठून सलाम करी. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही बहुधा गाडीच्या काचेतून पाहिलं असेल, किंवा नसेलही.

१९८४ वरून आठवलं. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २३२० पुरुषांचा अमेरिकेतला एक अभ्यास त्याच साली प्रसिद्ध झाला, रुबरमन आणि सहकाऱ्यांचा. जे एकटे पडले होते आणि मोठ्या ताणाखालीही होते, त्यांचा पुढे मरण्याचा धोका या दोन्ही गोष्टी कमी असलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. आणि तुमच्या लाडक्या व्हाइटहॉलमध्ये नोकरीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर कोण होते माहीत आहे? निरोपे आणि दारवान. दारवान, साहेब! वरच्या अधिकाऱ्यांच्या मानाने हृदयविकाराने मरण्याचं त्यांचं प्रमाण तिपटीच्या घरात होतं. हे लोक उपाशी नव्हते, नोकरी पक्की होती, औषधपाणी फुकट होतं. ते सिगारेटीही जास्त ओढत, हेही खरं. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरून वजा केलं तरी धोका दुपटीच्या आसपास उरलाच. जन्मात सिगारेट न ओढलेल्यांतही पायऱ्यांचा हा उतार दिसला. तो कुठल्या व्यसनाचा सदरा म्हणायचा?

विडीने बाबांना मारलं का? मारलंच. मी फक्त ती विडी त्यांच्या हातात रात्री तीन वाजता कशी आली, तेवढं विचारलं. एवढ्याने तुमचं पित्त खवळावं असं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

लंडनच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. दंडाला गुंडाळतात ते बीपीचं यंत्र रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरच्या १८९६ सालच्या यंत्रावरून आलं. ते बांधून घेताना ‘हे लालबागचं आहे का?’ असं तुम्ही विचारल्याचं ऐकिवात नाही. तरीही हवंच असेल तर २००४ चा इंटरहार्ट घ्या, हार्ट अटॅक कशाने येतो याचा ५२ देशांतला अभ्यास, त्यात आपणही आहोत. तंबाखू त्या यादीत अगदी वर आहे, हे तुमच्या बाजूचं म्हणून मीच सांगून टाकतो. मानसिक-सामाजिक ताणही त्याच यादीत आहे, आणि फार खाली नाही. आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो, हेही त्यातूनच पुढे आलं. बाबा गेले १९९१ साली, बावन्नाव्या वर्षी.

गोळीचं म्हणाल, तर गोळी बंद करा असं लेखात कुठे लिहिलंय ते दाखवा. मी स्वतः सहा वर्षं बीपीची गोळी घेतो. बायको वारांच्या डबीत भरून ठेवते, म्हणून न चुकता घेतो. (बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत पंचावन्नच्या पुढच्या पुरुषांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी वाढतात असं १९६९ च्या एका अभ्यासात ४४८६ विधुरांवरून दिसलं होतं, आणि त्यात हृदयविकारच पुढे होता. माफ करा, हेही विलायतेतलंच.) जबाबदार कोण वगैरे पोलिसी भाषा इथे नको.

खरं तर मतभेदाचं मला काही नाही. याच लेखाखाली एका बाईंनी ‘आमचे हे विडीला शिवले नाहीत, वरिष्ठ पदावर होते, तरी गेले’ असं लिहिलं. लेखाला केवढा मोठा छेद तो! मी त्यांना नम्रपणे उत्तर दिलं, कारण त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं. तुम्ही मात्र अर्ध्या ओळीत दुसऱ्याचा बाप निकालात काढता आणि खाली ‘स्पष्टवक्ता’ म्हणून सही ठोकता. स्पष्ट बोलायला आमच्या चाळीत कुणाची ना नव्हती, पण ते तोंडावर बोलायचे, आणि नंतर मयतालाही यायचे. बाबांच्या मयताला गिरणीतले चौदा जण आले होते. सोसायटीतून कुणी नाही. सदरा परत मागायला तेवढा एक माणूस आला, तेराव्याच्या आधी.

असो. हे उत्तर टाकण्याआधी आईला फोन लावला. ती चौऱ्याऐंशीची आहे, कानाला कमी येतं. एका माणसाने बाबांच्या विड्या काढल्यात, हे मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, “दोन बंडलं कुठली, दीड. दोन परवडत होती का आपल्याला?”

तेव्हा साल आणि बंडलं, दोन्ही दुरुस्त केलं आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.